खालचं ती, वरचं मी

— नाही नाही, तिथे नको पाय देऊस. थांब. उचल तसाच, हां, आणि माझ्या पावलामागे टाक. वाचलं बघ. काय वाचलं ते मला नको विचारू, मी बघितलं नाही, पण या वळणावर काहीतरी असतंच नेहमी. आणि गाडीवाल्याची काळजी नको करू गं, थांबेल तो. पायरीवर बसलाय आरामात, चहा दिलाय त्याला. माझी पिशवी पण डिकीत ठेवली त्याने. म्हणजे येतोय मी, ठरलंय ते, मी कुठे नाही म्हटलं? फक्त एकदा रानात आत जाऊन येऊ, एवढंच म्हटलं. तुला घेऊन. तुझ्या नवऱ्याने तुला पाठवलं, स्वतः आला नाही — हुशार आहे माझा लेक. त्याला मी तोंडावर नाही म्हणतो आणि तुला म्हणवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. चपला भिजतील तुझ्या. भिजू देत. घरी गेल्यावर वाळतील, तुमच्याकडे गॅलरीत ऊन येतं म्हणालीस ना?

तुला सासूने कधी आत आणलं नव्हतं, नाही का? आलात की दोन दिवसांसाठी यायचात, आणि तू स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बघायचीस. खिडकीतून काय दिसतं? झाडंच दिसतात नुसती. हे रान माझ्या वडिलांनी घेतलं. रान कसलं, या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू येतं. सुतार होते ते. लोकांना वाटलं, लाकडासाठी घेतलं. आणि घेतल्यावर एक फांदी तोडवेना त्यांच्याने! लाकूड बाजारातून विकत आणायचे, आणि घरामागे एवढी झाडं उभी. आई म्हणायची, माझ्या नवऱ्याला करवत हातात घेतली की झाडाची दया येते, आणि बायकोने घागर उचलली की येत नाही. मी पण सुतारकीच केली. मी पण इथलं काही तोडलं नाही. पडलेलं उचललं, उभं असलेलं नाही.

वडिलांची एक रीत होती — रानात एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं. एकाने वर बघत चालायचं, एकाने खाली. का, तर एकदा खालची अळंबी बघत चालले होते आणि वरून वाळकी फांदी खांद्यावर आली. तेव्हा ठरलं. ते वरचं बघणार, आई खालचं. आणि घरी येऊन जेवायला बसलं की एकमेकांना सांगायचं. मधे नाही सांगायचं हं, चालताना नाही — जेवताना. वडील सांगायचे, ओढ्याकडच्या झाडाला मोहोर धरलाय, ढोलीत घुबडाचं जोडपं आलंय. आई सांगायची, शेवाळ हिरवं झालं, अमक्या खडकाजवळ कोंब आलेत. म्हणजे दोघांचं मिळून एक रान व्हायचं. भांडण झालेलं असलं तरी जेवताना बोलावं लागायचं, नाहीतर अर्धं रान राहिलं. मग आमचं लग्न झालं, ते दोघं थकले, आणि वरचं माझ्याकडे आलं, खालचं तुझ्या सासूकडे. तुझ्या नवऱ्याला आम्ही दोन्ही शिकवायला बघितलं. तो ना वर बघायचा, ना खाली. समोर बघायचा. समोर रस्ता होता.

हसतेस काय? खरं आहे ते.

बरं, आता वर बघ. मी दाखवतो तिकडे. आत्ता कसं सगळं उघडं आहे बघ, पानं झडून गेलीत, फांद्यांची जाळी नुसती. ते हिरवं झुपकं दिसतं ना, ते झाडाचं नाही, बांडगूळ आहे ते. फुकटचं राहतं झाडावर. मी तुझ्या सासूला म्हणायचो, तुझा भाऊ आला बघ राहायला. आणि त्या टोकाला, बारीक लाल लाल दिसतं? कळ्या आहेत पालवीच्या. अजून मिटलेल्या आहेत. त्या उघडल्या की संपलं — म्हणजे खालच्यांचं संपलं. हे तिचं सांगणं. ती म्हणायची, वरची झाडं झोपलेली असतात तेवढ्यातच खालच्या गरिबांना ऊन मिळतं. मग ती घाईघाईने उगवतात, फुलतात, बी धरतात, आणि वरची पालवी फुटून सावली पडली की गुडूप. पुढच्या वर्षापर्यंत मातीत. म्हणून तिची धावपळ याच दिवसांत. मी वर बघत डुलत चाललेलो असायचो, वर तर काहीच नसायचं, आणि खालून सारखं तिचं — अहो, पाय! अहो, पाय! दहा पावलांत दहा वेळा. एखाद्याला वाटावं, माझं नावच आहे ते.

तिने नावं ठेवली होती सगळ्यांना. खरी नावं असतील काही, आम्हाला कुठे माहीत. पांढरं एक येतं, पानाच्या आधी फूलच डोकं वर काढतं — त्याचं नाव आगाऊ. नेचा उगवतो तेव्हा बाळाच्या बंद मुठीसारखा असतो, त्या मुठी. त्या जरा उशिरा येतात, अजून यायच्यात. जांभळं एक, माणूस जवळ गेलं की मान खाली घातल्यासारखं दिसतं — त्याला ती म्हणायची नवी सून. तुझ्यावरून नव्हे गं, आधीपासूनचं आहे. तू कुठे मान खाली घातलीस कधी! बरं केलंस. आणि एक एकपानी. ते मात्र इथलं नाही. तिच्या माहेरच्या डोंगरावरचं बी. आईला भेटायला गेली होती शेवटची, तेव्हा रुमालात बांधून आणलं आणि त्या पलीकडच्या खडकाच्या पोटाला लावलं. तर त्याचं असं की दर वर्षी एकच पान येतं. एक पान, बास. थोडे दिवस राहतं आणि जातं. वर्षानुवर्षं हेच. ज्या वर्षी दोन पानं येतील त्या वर्षी फूल येणार, असं तिची आई सांगायची. दर वर्षी जेवताना मी विचारायचो, काय म्हणतं तुझं माहेर? ती म्हणायची, एकच. पुढच्या वर्षी बघू.

चल, हळूहळू तिकडेच चाललोय. हात दे तुझा. नाही, या बाजूने ये, डाव्या. उजव्याला पकड नाही राहिली. काडी धरून ठेवण्यापुरता आहे, बाकी नाही. रंधा धरायला गेलो आणि घसरूनच पडला हातातून, तेव्हा कळलं. ती गेली त्याच्यानंतर लगेचच. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली एक शीर. तेव्हाच तुझा नवरा म्हणाला, आता एकटं राहायचं नाही. मी म्हटलं पावसाळा जाऊ दे. मग म्हटलं थंडी जाऊ दे. आता काय जाऊ दे म्हणू? काही उरलं नाही जायचं. आता डाव्याने करतो सगळं. चहा, दाढी, सगळं. आधी सांडायचं, आता नाही सांडत. गंमत वाटते — एवढं म्हातारं झाल्यावर हात इतक्या लवकर शिकतो. जणू आधीपासून येत होतं त्याला.

दवाखान्यात तू होतीस ना, शेवटच्या दिवसांत? दुपारी तू घरी जायचीस आणि मी बसायचो. खिडकी उंच होती त्या खोलीला, पडल्या पडल्या तिला नुसतं आभाळ दिसायचं. मला म्हणाली, रानात जाऊन आलात का? म्हटलं, आलो. खोटं नव्हतं ते, सकाळी जाऊन आलो होतो. मग सांगा म्हणाली. मी सांगितलं, ओढ्याकाठच्या झाडाला शेंगा धरल्यात, आणि तो मोठा वेल पार शेंड्याला पोचला. तर म्हणाली, अहो, ते तुमचं झालं. माझं सांगा. आता मी काय सांगणार? इतकी वर्षं तिच्या बाजूने चाललो, पण खाली काय असतं ते मला तिच्याच तोंडून माहीत. तिचंच तिला कसं सांगू? म्हटलं, उद्या बघून येतो. ती म्हणाली, नक्की या बघून.

ती पहाटेच गेली. मग मी काही बघायला गेलो नाही. बघून सांगायचं कुणाला?

तेव्हापासून येतो मी इथे, रोज येतो, पण खाली नाही बघत. हट्ट म्हण. मला वाटतं, मी खाली बघितलं की तिचं काम सुटलं. आता दोन्ही माझ्याकडे आलं, म्हणजे ती नाहीच. आणि जोपर्यंत मी वरच बघतोय तोपर्यंत खालचं बघणारं कोणीतरी — जाऊ दे. पडायचो मी सुरुवातीला. ठेचा लागल्या. पण तुला सांगू, तुडवलं नाही काही. पाय टाकणार, तेवढ्यात आपोआप थांबतो. ऐकू येतं. नाही, तसं नाही, कानात नाही ऐकू येत, डॉक्टरांना सांगायला धावू नकोस. पायाला ऐकू येतं.

हे बघ, आता इथे थांबू. यासाठीच आणलं तुला. खाली बघ, आणि मला सांग, या खडकाच्या आसपास पांढऱ्या काड्या दिसतात का?

दिसतात ना.

किती ठिकाणी? — नको, राहू दे. दिसतात एवढं पुरे. आता ऐक. मी वर बघत चालायचो, आणि कितीही ओरडली तरी एखादं रोप पायाखाली जायचंच. एकदा एक आगाऊ गेलं, तर दोन दिवस मला वाढायला आली नाही, ताट ठेवून निघून जायची. मग तिने युक्ती काढली. नव्या कोंबाभोवती काड्या रोवायची, गोल, बोटाएवढं कुंपण. आणि पाचोळ्यात दिसाव्यात म्हणून काडीच्या सालीची एक पट्टी काढायची, वरपासून खालपर्यंत फिरवत फिरवत, स्क्रूच्या आट्यासारखी. मधे साल, मधे पांढरं. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसलं की मी पाय उचलायचो. दर वर्षी नवीन काड्या, जुन्या काळ्या पडतात ना.

तर यंदा पहिलं आगाऊ आलं असेल, त्या सुमाराला, सकाळी मी वळणावर आलो आणि पाय थांबला. आणि कोपऱ्यातून पांढरं दिसलं. मला वाटलं गेल्या वर्षीचं असेल. पण गेल्या वर्षीचं पांढरं कसं राहील? त्या दिवशी बघितलं मी खाली. तेवढं एकदाच. ताजी काडी होती गं, ओली. दुसऱ्या दिवशी पुढे आणखी एक कुंपण. मग ओढ्याकडे. आता तर सगळीकडे असतील. कोण करतंय हे? पलीकडच्या घरात म्हातारी आहे, तिला स्वतःचं अंगण झाडवत नाही. वाटेने कोणी येत नाही. तुला म्हणून सांगतो, तुझ्या नवऱ्याला मी हे बोललो नाही, तो म्हणेल डोक्यातली दुसरी शीर गेली.

आणि हे बघ — थांब, खिशात आहे — ही त्यातली एक. उपटून आणली होती. नीट बघ, पट्टी कुठल्या बाजूने चढते? उजव्या हाताचा माणूस सोलेल तर इकडून चढेल, अशी. मी सोललेली नेहमी अशी. आणि ही उलटी चढते. तुझी सासू डावखुरी होती. सुतार आहे मी, बाकी काही कळलं नाही तरी हाताची खूण मला कळते. वडिलांनी मारलेला खिळा आणि मी मारलेला खिळा अंधारात बोट फिरवून सांगेन. हा तिचा हात आहे.

म्हणून म्हटलं, जायच्या आधी तुला दाखवतो. तुझे डोळे चांगले आहेत आणि डोकं ताळ्यावर आहे. तू बघ आणि सांग. हे कोणी येणाऱ्या-जाणाऱ्याने केलं असेल, कुणाचा खेळ असेल, तर माझं काही अडलं नाही. पिशवी गाडीत आहे, मी निमूट येऊन बसतो. ती खोली चांगली आहे तुम्ही दिलेली, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, दिसू दे, टाकीवर पण शेवाळ येतं. पण तिने केलं असेल — तर मी तिला इथे एकटीला टाकून कसा येऊ? खालचं बघणारी आहे आणि वरचं बघणारं कोणी नाही, फांदी पडली म्हणजे? हसू नकोस. हां, नाही हसत आहेस. बरं.

बस खाली, नीट बस, बघ जवळून. मी आहे उभा. त्या खडकाच्या पोटाशी आहे बघ, जरा डावीकडे, शेवाळाच्या कडेला. तिथलं कुंपण सगळ्यांत दाट असेल. त्यात एकपानी आहे. त्याला हात नको लावू, एरवीही फार नाजूक असतं ते, आणि यंदा तर दोन पानं आलीत, मधे कळीसुद्धा —

काय?

कोणी सांगितलं म्हणजे? सांगितलं असेल कोणीतरी. मी नाही बघितलं. मी म्हटलं ना, एकदाच बघितलं, त्या वळणावर, इथे नाही. मग... तिनेच सांगितलं असेल. जेवताना. नाही, जेवताना आता कोण सांगणार, मी एकटाच असतो. तू गोंधळवू नकोस मला.

काय बघतेस माझ्याकडे? खाली बघायला सांगितलं ना तुला? गुडघे? माती आहे, असेल माती. रानात राहणाऱ्याच्या गुडघ्याला माती नाही तर काय अत्तर असणार? चपला रोज सकाळी ओल्या असतात, दाराशी. दव पडतं. दाराच्या आत? हो, आत असतात. आत असल्या म्हणून काय झालं.

खिशात हात कशाला घालतेस, पोरी? मी देतो. एकच आणली म्हणालो का? मग असतील आणखी दोन-तीन. बऱ्याच आहेत, हो. या रोवलेल्या नाहीत, टोकाला माती नाही. सोलून ठेवलेल्या आहेत. आणि ही तिची सुरी, अळंबी कापायची. ही स्वयंपाकघरात असते, खिडकीच्या खिळ्याला. इकडे कधी...

हात सोड माझा. नखं हिरवी आहेत, दिसलं मला. सालीचा रस जात नाही लवकर.

बोलू नकोस. जे बोलणार आहेस ते बोलू नकोस. शहाणी आहेस, तुझ्या तोंडून ते ऐकलं की मला खरं मानावं लागेल.

सकाळी उठतो तेव्हा अंग मोडलेलं असतं. मला वाटायचं, म्हातारपण.

एक सांग मला. मी शिकलेलो नाही फार, तुला जास्त कळतं. डॉक्टर म्हणाले, शीर. असेल शीर. पण माझा उजवा गेला म्हणून मी डाव्याने सोलतो, की तिला डावाच लागत होता म्हणून उजवा गेला? तिची सुरी, तिची पट्टी, तिचं रोप. माझं काय आहे यात? मला तर कुठल्या कोंबाला काय म्हणतात तेही बघून कळत नाही. दिवसा या हाताला काडी सोलायला सांगितली ना, तर मला येणार नाही. करून बघितलं नाही, पण येणार नाही. मग रोज सकाळी हे कोण करून ठेवतं? हात माझा असेल, असू दे माझा. हात तर दवाखान्यातही माझाच होता, तिच्या हातात.

उद्या बघून येतो म्हटलं होतं मी.

कोणी येणारं-जाणारं असेल तर मी येतो, असं म्हटलं होतं ना? मग झालं तर. येणारं-जाणारं नाही निघालं कोणी. घरचंच माणूस निघालं. आता तूच बघ, वरची पालवी फुटायला अवकाश आहे अजून, रोज नवं काहीतरी वर येणार, मुठी तर अजून यायच्यात. तुमच्या त्या खोलीतून मी उठून कुठे जाणार काड्या रोवायला? गॅलरीतल्या कुंड्यांत? लिफ्टमध्ये सापडेन एखाद्या सकाळी, खिशात काड्या घेऊन, लोक घाबरतील.

रडू नकोस गं. मी नाही रडत. भीती वाटते, ती वेगळी. पण ती काय, कुठेही वाटेल.

नाही, तू थांबायचं नाही आज. तुझं घर आहे, काम आहे. गाडीवाला कंटाळला असेल, पिशवी काढून पायरीवर ठेवायला सांग त्याला. आणि माझ्या लेकाला सांग, बाबा येत नाहीत. रागावेल. रागावला की येईल तरी. कारण सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. सुरी दे इकडे. नाही, इकडे, या हातात.

आणि ती आडवी झालेली काडी तू आत्ता सरळ केलीस ना? बघितलं नाही मी. कळलं. कळी कशी आहे? पांढरी आहे का गं? नको — नको, आत्ता नको सांगू. चालताना सांगायचं नसतं. जेवताना सांगायचं. पुन्हा येशील तेव्हा, सावकाश, समोर बसून सांग.

जा आता. मी थांबतो जरा इथे. जा म्हटलं ना.

पोरी — पाय!